दोन्ही गुरदे वेदीवर

प्रिय वैभव,

जालना सोडल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. इथं सुरतेत उधन्याहून कामरेज ते केवढं, मनात आलं की भेट होते. पण काही गोष्टी तोंडानं सांगायला गेले की मी आधी रडते आणि तू आधी चिडतोस, म्हणून लिहायला बसले. तुझे दाजी मिलमध्ये गेलेत. साडीला खडे चिकटवायचं काम आज बाजूला ठेवलंय.

त्या सोनोग्राफीच्या दिवसाचं तुला सांगायचं राहिलं. तुला किडनी द्यायची तर माझ्या दोन्ही नीट आहेत का, ते आधी बघत होते. तपासणाऱ्या गुजराती बाईंनी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला आणि त्या म्हणाल्या, 'जुओ बेन, बंने सरस छे.' दोन्ही छान आहेत म्हणे. पडद्यावर राखाडी अंधार होता आणि त्यात दोन्ही अंगांना एकेक, चवळीच्या दाण्यासारखी. चाळिशी उलटली माझी, पण माझ्या आतलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी झोपते, भांडते, भाजी निवडते, आणि त्या तिथं कुणाच्या नकळत माझं रक्त गाळत बसलेल्या. ज्यानं हे घडवलं तो तेव्हाही तिथंच होता, असं वाटलं आणि अंगावर काटा आला.

त्याच आठवड्यात आपल्या मंडळीच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी जुन्या इस्राएल लोकांच्या अर्पणांचे नियम वाचायला घेतले. तो भाग आला की आपण एरवी पानं उलटतो. वाळवंटातली माणसं, आणि त्यांच्या मधोमध देवाचा एकच मंडप. जनावर अर्पायचं तर मनाला येईल तिथं रानात कापायचं नाही, त्या एकाच दाराशी आणायचं, आणि मालकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. मग शांत्यर्पणाचा, म्हणजे देवाशी सलोख्याच्या अर्पणाचा, नियम आला. चरबी आणि दोन्ही गुरदे वेदीवर जाळायचे, ते देवाचे. गुरदे म्हणजे किडन्या, वैभव.

सभा उठल्यावर मी साहेबांना विचारलं, 'दोन्ही देवाचे, तर त्यातली एक मी भावाला कशी देऊ?' ते हसले नाहीत. म्हणाले, 'जयश्रीबाई, त्या लोकांच्या लेखी माणसाची सगळ्यात आतली इच्छा गुरद्यांत राहायची. आपण काळीज म्हणतो ना, तसं. देवाला मांसाची भूक नव्हती. तुझं आतलं सगळं माझ्याकडे आण, एक इथं आणि एक रानात असं करू नको, एवढंच तो सांगत होता. आता ख्रिस्तानं एकदाच स्वतःला अर्पून टाकलं, जनावर न्यायचं उरलं नाही. पण आतलं अजूनही तो सगळंच मागतो.'

घरी चालत आले. रस्त्याच्या दोन्हीकडे कापडाचे लूम धडधडत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. कारण मी एका दमात दोन प्रार्थना करत आले होते. एक मोठ्यानं, की वैभवला बरं कर. दुसरी ओठ न हलवता, की माझी तपासणी जुळू देऊ नको. तपासणी जुळली तेव्हा सगळ्यांसमोर मी देवाची कृपा म्हणाले आणि मनातून त्याच्यावरच रुसले. असं दोन वाटे केलेलं मन घेऊन मी त्याच्यापुढे जात होते, आणि आत बघणाऱ्याला ते दिसत होतं.

त्या दिवशी दार लावून गुडघे टेकले. इच्छा सांगितली, भीतीही सांगितली, काही मागे ठेवलं नाही. भीती गेली असं म्हणणार नाही. पण एवढ्या मोठ्या देवाला माझं एवढंसं आतलं हवंय, याचंच इतकं नवल वाटलं की बराच वेळ उठवेना. संध्याकाळी तुझ्या दाजींनी विचारलं, 'ठरलं का?' मी म्हटलं, 'आज ठरलं.' ते म्हणाले, 'मग मी आहे तुझ्याबरोबर.'

काल सोनाली येऊन गेली. तुझी बायको एरवी किती बोलते, काल दोनच वाक्यं बोलली. म्हणाली की तू डॉक्टरांना नकार देऊन आलास. ताईचं अंग कापून मला जगायचं नाही म्हणालास. माझा फोन तू का उचलत नाहीस ते तेव्हा कळलं, म्हणून आज ती पुन्हा येईल तेव्हा हे पत्र तिच्याच हाती पाठवतेय. साहेबांनी एक गोष्ट आणखी सांगितली होती. शांत्यर्पणात देवाचा वाटा वेदीवर गेला की काही याजकाला मिळायचं, आणि उरलेलं अर्पण करणाऱ्याच्या घरचे सगळे देवासमोर बसून जेवायचे. माझं जे द्यायचं होतं ते मी त्याला देऊन टाकलं, वैभव. आता वाढणारा तो आहे. त्याच्या पंगतीतून तू उठून जाऊ नकोस. सोमवारी सकाळी तुझे दाजी आणि मी तुला डॉक्टरांकडे न्यायला येतोय. कपडे करून तयार राहा.

तुझीच,
ताई