दोन जावांमधला तारा

९ फेब्रुवारी
ही वही उघडणारीनं आधी चष्मा हुडकावा. नाकावरच हाय. रेणू, तुलाच म्हणते. दिवाळीला अर्धा दिवस चष्मा हुडकलास, आन् घालूनच हुडकलास.
मी सांगते, सून मंगल लिहिते. मला अक्षर येत न्हाई, म्हणून लिहिलेलं शेजारच्या शाहीनबीकडून रोज वाचून घेते. ती शिलाईची मशीन थांबवून वाचते, खाली सही करते, तारीख घालते. मंगल म्हणते, "आत्याबाई, माझ्यावर इतका बी भरोसा न्हाई?" हाय की. म्हणून तर तपासायला एकच माणूस ठेवलं.

११ फेब्रु.
नात रेणू नांदेडला कालेजात ताऱ्यांचं शिकून राहिली. गच्चीवर दुर्बीण हाय. सकाळी तिचा फोन. तिच्या वाट्याला एकच तारा, खरं तर जोडपं. नवरा मेलेला. दिसत न्हाई, पण वजनानं भारी. बायको जिती, तिच्या अंगचं हा ओढून खातो. वर्षानुवर्षं गप पडतो, मग एकदम भडकतो. भडकला की एक्स-रे सुटतात.
"लातूरला माझ्या गुडघ्याचा काढला, तसला?"
"हाव आजी. पण ते हवेतून खाली येत न्हाईत. वर उपग्रह हाय, तो बघतो. आपल्याला खालून नुसता उजेड वाढलेला दिसतो."
मेल्यावर बी बायकोचंच खाऊन राहिला. यात शिकण्यासारखं काय हाय? मला विचारायचं.

१४ फेब्रु.
मोजायची रीत समजली. शेजारी दोन तारे, त्यांचा उजेड कमीजास्त होत न्हाई. एक ठळक, एक मंद. आपला त्यांच्यात कुठं बसतो ते बघायचं. मी नावं ठेवली, थोरली जाऊ आन् धाकटी जाऊ. आपला सध्या धाकटीच्या बी खाली. असाच पडून राहिला तर रेणूचा निबंध बी पडून राहील.
तिला शिकवणारे सर कसे हायत विचारलं. "चांगले हायत." एवढंच. चांगल्या माणसाबद्दल माणूस दोन शब्द जास्त बोलतं. फोटोत बगळ्यावानी दिसतात. मान लांब, उभं राहणं गप, ध्यान मासोळीवर.

१९ फेब्रु.
रेणूचा फोन. आवाज दबका. काल सांजेला तारा धाकट्या जावेच्या वर गेला. "आजी, बहुतेक भडकून राहिला. उजेड आधी वाढतो, एक्स-रे मागून येतात. उपग्रहाच्या आधी मला दिसलं असंल तर..."
कुणाला सांगितलंस? न्हाई. सरांना? आज सांगते म्हणली.
मी म्हणलं, थांब. पोटातलं तीन महिने कुणी सांगत न्हाई, हे तर कालचं. चार दिवस बघ. नजर लागती. आन् तो बगळा सोताच्या नावावर चढवंल.
शाहीनबीनं वाचलं, सही केली. "मावशी, सर कू बोल देना था." तू शिवण शिव म्हणलं.

२० फेब्रु.
दोघी जावांच्या मधोमध.

२१ फेब्रु.
ढग. काही न्हाई.

२२ फेब्रु.
थोरलीच्या पार जवळ. रेणू हासून राहिली. उद्या सांगते म्हणली. सांग म्हणलं.

२३ फेब्रु.
उपग्रहवाल्यांनी जाहीर केलं. तारा भडकला, साऱ्या जगाला ठाऊक झालं. रेणू रडली. सरांनी विचारलं, आधी का बोलली न्हाईस? काय सांगंल, आजीनं तोंड दाबलं म्हणून?
मला यात सरांचाच हात दिसतो. त्यांनीच पुढं कळवलं असंल. मंगल म्हणते, "त्यांना ठाऊकच नव्हतं, कळवतील कसं?" मंगल अलीकडं लई बोलून राहिली.

२५ फेब्रु.
सर म्हणले, रेणूनं दुर्बिणीतून काढलेले आधीचे फोटो लाखमोलाचे. एक्स-रेच्या किती दिवस आधी उजेड वाढला, ते त्यातूनच कळंल. पण गच्चीवरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलेलं. आतला सेल मेला, लाईट गेली की तारीख मागं पळते. फोटोंवर भलत्याच सालची तारीख. रेणूनं सोताची वही दाखवली. सर म्हणले, आपल्याच हातचं लिहिलेलं आपली साक्ष कशी होईल? तारीख पटली न्हाई तर ते पाच दिवस निबंधात धरता येणार न्हाईत.
बरोबर बोललं माणूस. म्हणूनच जास्त संशय येतो.

२६ फेब्रु.
शाहीनबी सुई दातात धरून बोलली, "मावशी, मेरी सही है ना. उन्नीस तारीख कू."
मंगलनं मागची पानं वाचली. धाकटीच्या वर, मधोमध, ढग, थोरलीजवळ. सगळं दिवसावारी, खाली दुसऱ्या घरच्या बाईची सही.
पण त्याच पानांवर माझं बी हाय. थांब. नजर लागती. दोन वेळा बगळा.
माझ्या वहीतली ओळ न् ओळ एकीकडून लिहून, दुसरीकडून तपासून घेते, आन् पोरीला म्हणलं कुणाला दाखवू नको.
मंगल म्हणली, "तेवढ्या ओळी खोडू का?" खबरदार म्हणलं. खोडलेलं दिसलं की सर म्हणतील, मागून बदललंय. मी बी तेच म्हणलं असतं.
रेणूला फोन केला. चूक माझी, वही धाडते म्हणलं. तिनं विचारलं, "आजी, सरांना त्यात काय काय म्हणलीस?"
जास्त न्हाई म्हणलं.

२७ फेब्रु.
मंगल साडी नेसून राहिली, ती सोता वही घेऊन यष्टीनं नांदेडला चालली. आजचं शाहीनबी लिहिते. तपासायला कुणी न्हाई, काय लिहून राहिली अल्ला जाणे. हासते कशाला गं?
रेणू, वही सरांच्या हातात देऊ नको. तू धर, त्यांनी वाचावं. बगळा आला की पान लवकर उलट.
मंगलसंगं डब्यात धपाटे हायत. डबा परत येताना चिठ्ठी घालू नको, वाचून तपासायला मला पुन्हा दोन माणसं लागतील. फोन बी नको, मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगशील. सरांनी तारीख मानली तर बेसनाचे लाडू घाल. न्हाई मानली तर फुटाणे. आन् अजून ठरलंच नसंल तर रिकामा डबा धाडू नको, मूठभर साखर तरी घाल.