कढीलिंबाची जागा

डोंबिवली, रविवार

प्रिय उत्तरा,

मुलाकडे राहायला येऊन महिना झाला. गुडघे आणि जीभ दोन्ही चालू आहेत. तुझा खोकला कसा आहे?

आनंदने अंगणात प्लॅस्टिकचं गवत घातलंय. सूनबाई त्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवतात! तू दिलेला कढीलिंब कुठे लावू विचारलं, तर ऋजुता म्हणाली, “आई, कुंडीतच असू दे, हलवायला सोपं.” हे झाडाबद्दल की माझ्याबद्दल? मला जेवण गेलं नाही.

आज तिनेच कात्रीने गवत गोल कापलं. “लावा. पण दहा वर्षांनी मुळं गटारात शिरली, तर तुम्हीच निस्तरायचं.”

दहा वर्षं मला ठेवून घेतलं, तेही न विचारता! आमच्या कॉन्व्हेंट शाळेत याला उद्धटपणा म्हणत.

माझं शिवणयंत्र पाठवून दे.

तुझी भांडखोर
ताई