सातवीचा आनंद

बेलापूर, मंगळवार, २४ जुलै १९८४

डोक्यातून जात नाही, म्हणून आधी लिहून टाकते. आज सातवीला कागदावर एकच प्रश्न दिला होता: तू आनंदी आहेस का? एकूण एक पोरापोरींनी लिहिलंय, 'होय, मी खूप आनंदी आहे.' शब्दसुद्धा तेच. कसं शक्य आहे? सुनंदाच्या बापाचं मिठागर गेलं, पोरगी महिनाभर वर्गात तोंड उघडत नाही, आणि तीही खूप आनंदी? तिने तर आधी काहीतरी वेगळंच लिहून रबराने खोडलंय.

माझा संशय थेट हेडसरांवर. पुढच्या आठवड्यात वरचे साहेब शाळा तपासायला येणार, म्हणून त्यांनीच पोरांना पढवलं असणार. शाळा सुटल्यावर मॉनिटर मंगेशला गाठलं.

"खरं सांग, असं लिहायला कुणी शिकवलं?"

"कोनी नाय, बाई. मी पयला लिवून तुमाला दाखवला. तुमी बरोबरची खूण केली. मंग समद्यांनी तोच लिवला."

खूण? केली असेल मी. हातात लाल पेन असलं की होतंच. पण तेवढ्यावरून अख्खा वर्ग...?

घरी आल्यावर सुनंदाचा कागद पुन्हा खिडकीशी उजेडात धरला. खोडलेलं काय होतं, ते काही केल्या वाचता येत नाही. त्याच्यावरची माझी लाल खूण मात्र चांगली ठसठशीत आहे.