लाल दोऱ्याची कढई

अल कुसैस, १२ मार्च २००९, संध्याकाळ

मी ढोंगी नाहीये! वाचणाऱ्या, तू म्हणायच्या आत सांगून टाकतो.

मंदीत इक्बालभाईंची इथली, आखातातली नोकरी खलास. दोन वर्षांपासूनचे माझे रूममेट, दापोलीकडचे, आज गावी चाललेत. म्हणून दुपारी त्यांना माझ्या कादंबरीतलं प्रकरण वाचून दाखवलं. चारशे वर्षांपूर्वीचा एक फकीर आणि त्याचा ब्राह्मण शिष्य एका ताटात जेवतात. गाव चिडतं, पण शिष्य काही उठत नाही.

इक्बालभाई बॅग भरता भरता म्हणाले, "झकास लिवलंस, लेखका. एकच सांग, त्या बामणाची कढई वेगळी होती काय?"

आणि हसले.

माझी कढई वेगळी आहे. येताना आईने दिलेली, दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून कडीला लाल दोरा बांधून.

"मी घरी शाकाहारी ना, भाई."

"आणि शुक्रवारी हॉटेलात कोंबडी खातोस ती?"

चारशे वर्षं मागे जाऊन मी सहिष्णुता शोधत होतो. इथे हा माणूस दोन वर्षं रोज ती कढई बाजूला सरकवून स्वयंपाक करत होता. एकदाही बोलला नाही. आज बोलला, तेही जाताना.

उद्यापासून त्या दोऱ्याचं कामच नाही. कढईला हात लावायला असणार कोण?

आत्ता कापला दोरा. त्याच कढईत पोहे केलेत, एकाच ताटात दोघांचे वाढलेत. त्यांना नाटक वाटेल? वाटू दे. ते आत नमाज पढतायत, तेवढ्यात लिहितोय.

चटई गुंडाळली वाटतं. वाचणाऱ्या, तू गप्प बस. मी ताट घेऊन चाललो.