दाराकडची शिवण

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, अविवाहित, गाड्यांच्या सीटा शिवणे हा माझा व्यवसाय, हे माझे पहिले मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते आहे. प्रकृती ठीक आहे, फक्त आठ दिवस जेवण जात नाही. बुद्धी शाबूत आहे. आजची तारीख, बाबांचे वय आणि कालच्या भाजीत मीठ जास्त होते हे मला नीट आठवते. "कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही" हे वाक्य घालावेच लागते, असे दस्तलेखक म्हणाले. ते मला जसेच्या तसे घालता येत नाही. दबाव आहे. पण तो हे लिहिण्यासाठी नाही, न लिहिण्यासाठी आहे.

हे मी आमच्या कारखान्यात उभ्या असलेल्या दोन दारांच्या हिरव्या गाडीत, चालकाशेजारच्या सीटवर बसून लिहिते आहे. संडास सोडला तर आमच्याकडे आतून बंद करता येईल असे एवढेच दार आहे.

आत्ता लिहिण्याचे कारण: उद्या सकाळी या गाडीची पहिली फेरी आहे. आजोबांनी घालून दिलेला नियम असा, की ज्याने सीट शिवली त्याने पहिल्या फेरीला त्याच सीटवर बसायचे. गाडी भरधाव जाणार आहे. काही होणार नाही असे सगळे म्हणतात. मीही म्हणते. तरी लिहून ठेवते.

१. शिवणयंत्र. चामडे शिवायचे जड यंत्र आत्याला परत द्यावे. ते मुळात तिचेच. डोळे अधू झाल्यावर तिने ते मला दिले, पण त्याच्यावरचा हात अजून काढलेला नाही. मी अक्षरांआधी टाके शिकले, तेही आत्याच्या मांडीवर. नवव्या वर्षी मला शाळेत बसवले तेव्हा बाई म्हणाल्या, "समास आखा." मी विचारले, "एकेरी की दुहेरी?" सगळा वर्ग हसला. मला अजून त्यात चूक दिसत नाही.

आत्याची परीक्षा एकच होती. शिवलेला तुकडा ती खुंटीला अडकवायची आणि दोन्ही हातांनी त्याला लोंबकळायची. "माणूस फाटला तरी चालेल, शिवण फाटता कामा नये," असे म्हणायची. माझी शिवण दहाव्या वर्षापासून फाटलेली नाही. हे मी अभिमानाने सांगत असे. आता फक्त लिहिते.

२. हत्यारे. आऱ्या, सुया, अंगुस्तान बाबांना. मोठी कात्री बाबांनाच, पण ती रंगारीकाकांच्या हाती लागू देऊ नये. ते तिने कागद कापतात आणि विचारले की म्हणतात, "मी? छे! मांजराने कापला असेल." कारखान्यात मांजर नाही. टाके उसवायची छोटी वाकडी सुरी मी कोणालाच ठेवत नाही. या घरात ती माझ्याशिवाय कोणाला लागलेली नाही.

३. खोली. कारखान्यावरची खोली माझ्या मालकीची नाही, त्यामुळे देता येत नाही. तिला वेगळा जिनाही नाही. उतरायचे तर कारखान्यातूनच. शटरची किल्ली दादाच्या कमरेला असते. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते, हातभर अंतर सोडून. वहिनीला कपडे वाळत घालायला ती हवी होती, तिने घ्यावी. मला बघायला दोनदा पाहुणे आले तेव्हा वहिनी पोह्यांच्या बश्या ठेवता ठेवता म्हणाली होती, "हिचे हात म्हणजे आमचं दुकान आहे हो. हात इथे ठेवून नेणार असाल तर न्या." पाहुणे हसले आणि परत आले नाहीत. वहिनी थट्टा करत होती हे मला माहीत आहे. दादा करत नव्हता.

४. बचत. बँकेत जे काही असेल ते दादाच्या मुलीच्या शिक्षणाला. ती पाच वर्षांची आहे. अट एकच: तिला आधी अक्षरे शिकवावीत, मग टाके. आणि टाके शिकवायचेच झाले तर घालायच्या आधी काढायला शिकवावे.

५. गाडी. ती माझी नाही. पण तिच्यात माझे साडेतीन महिने आहेत, त्यांचा उल्लेख कुठेतरी यायला हवा. गाडीचे मालक दातांचे डॉक्टर आहेत. अशी गाडी आमच्या शटरखालून आजवर कधी आत आली नव्हती. आम्ही टॅक्स्या, टेंपो आणि जुन्या गाड्यांच्या सीटा करणारे. डॉक्टरांनी ती जुनी विकत घेतली आणि तिचे सगळेच बदलायचे ठरवले. चंदेरी होती, ती रंगारीकाकांनी बाटलीसारखी हिरवी केली, सात हात मारून. दादाने चाके रुंद केली, गाडी तीन बोटे खाली बसवली, धुराची नळी बदलली.

"आवाज मोठा नको, भरीव हवा," डॉक्टर दादाला म्हणाले होते. "वीस वर्षं लोकांचं आ-ऊ ऐकतोय. आता जरा माझ्या मर्जीचा आवाज ऐकू दे."

"डॉक्टर, असा घुमवतो की रस्त्यावरच्यांचे दात हलतील."

"मग त्यांना माझ्याकडे धाडा, तुम्हाला कमिशन देतो."

दादाला इतका हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिले.

सीट मात्र हौसेची नव्हती. डॉक्टरांची मुलगी सोळा वर्षांची आहे. तिचा कणा एका बाजूला वाकलेला आहे, मूळ सीटवर ती अर्धा तास बसू शकत नव्हती. मी तिची मापे तीनदा घेतली, आतला फोम तिच्या पाठीसारखा कापला, वर तपकिरी चामडे चढवले. दोऱ्याचा नारिंगी रंग तिने निवडला. शेवटच्या मापाला ती टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "ताई, ही कधी उसवणार नाही ना?"

मी म्हणाले, "तू म्हातारी झालीस तरी नाही."

६. चूक. ही माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. ती इथे पूर्ण लिहिते.

या सीटच्या दाराकडच्या कडेत, चामड्याच्या आत, एअरबॅग आहे. बाजूने धडक बसली की ती कव्हरची शिवण फाडून बाहेर येते आणि बसलेल्या माणसाला दारापासून वाचवते. म्हणून कंपनी तेवढ्या भागात मुद्दाम कच्चा दोरा घालते. मला हे माहीत नव्हते. जुने कव्हर उसवताना तिथला दोरा बोटाने तुटला, तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "एवढी महागाची गाडी आणि शिवण बघा, कच्ची!" बाबांनी पाठ थोपटली. मी तिथे आमचा जाड दोरा घातला, दुहेरी.

आठ दिवसांपूर्वी गाडीचा कप्पा पुसताना त्यातले माहितीपुस्तक वाचले. पुस्तके मी पूर्ण वाचते, मागची पाने धरून. त्यात लिहिले होते, की सीटची कडेची शिवण बदलू नये. मी कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला. पलीकडचा माणूस हसला. "अहो बाई, ती शिवण फाटायलाच ठेवलेली असते." मग हसणे थांबवून त्याने विचारले, "का? कोणी शिवली का?" मी फोन ठेवला. हीसुद्धा माझी चूक.

मी दादाला त्याच दिवशी सांगितले.

"कोण बघणार आहे?"

"बघायची गोष्ट नाही, दादा. धडक बसली तर—"

"धडक बसली तर! उद्या आभाळ कोसळलं तर काय, छत्री शिवून देणार आहेस? त्या रंगाचं चामडं संपलंय. कंपनीचा तो कच्चा दोरा यायला महिना लागेल. आणि ही गाडी बघून आणखी दोघं गाड्या टाकणार आहेत. त्यांना काय सांगू, आमच्या बाईला एअरबॅग कळत नाही?"

चामड्याचे त्याचे म्हणणे खरे आहे. चामड्याला एकदा पडलेले भोक बुजत नाही. उसवले तर तो भाग नवाच करावा लागेल.

मी बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षांत आपली एकही सीट परत आली नाही."

मी म्हणाले, "बाबा, ही सीट परत येणार नाही. तिच्यावर बसलेली मुलगीही येणार नाही."

बाबा उठून बाहेर गेले. आत्याने ऐकले होते. ती एवढेच पुटपुटली, "फाटायची शिवण? असली शिवण मी कोणाला शिकवली नाही."

७. शपथ. दादाने मला बजावले आहे, "डॉक्टरांपुढे तोंड उघडलंस तर माझ्या गळ्याची शपथ आहे." मी तोंड उघडत नाही, लिहिते आहे, असे म्हणून सुटता आले असते. पण ती पळवाट झाली. मी शपथ मोडते आहे, हे इथे स्पष्ट लिहिते. दादाला काही झाले तर तो दोष माझा. त्याचा गळा सुखरूप राहो, कारण तो वाईट माणूस नाही. सहा वर्षांची असताना मी आरीवर पडले तेव्हा त्याने मला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळत नेले होते. या कारखान्यातून मला बाहेर नेणारा तो पहिला, आणि आजवर शेवटचाही तोच.

गाडी सोपवायच्या कागदावर एक ओळ आहे: "सीटा तपासल्या, योग्य आहेत." तिच्यापुढे संध्याकाळपर्यंत माझी सही हवी आहे. तो कागद माझ्या मांडीवर, याच्या खाली आहे. दादाने आत्ताच काच वाजवली. "आत काय अंडी उबवतेस? सही झाली का?" मी मान हलवली. त्याने त्याचा अर्थ हो असा घेतला. माझा तसा नव्हता. माझी सही एकच आहे. ती एकाच दिवशी या दोन्ही कागदांवर करता येणार नाही.

८. साक्षीदार. ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, असे दस्तलेखक म्हणाले. म्हणून रंगारीकाकांना मी काही ठेवलेले नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. दुसरे साक्षीदार डॉक्टर. ते आज चार वाजता गाडीचा आवाज ऐकायला येणार आहेत. त्यांना मी सहावे कलम ठेवले आहे. पण ती माहिती आहे, मालमत्ता नव्हे, त्यामुळे हरकत नसावी. साक्षीदाराने मजकूर वाचायचे बंधन नसते. डॉक्टरांवर मी ते घालते. वाचल्याशिवाय त्यांनी सही करू नये.

यापलीकडे माझ्याकडे द्यायला काही नाही.

सही: (केली)
स्थळ: हिरवी गाडी, चालकाशेजारची सीट
दिनांक: महिन्याचा दुसरा गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

साक्षीदार पहिला, रंगारी: सही होताना काचेतून पाहिली. मजकूर वाचला नाही, चष्मा घरी राहिला. मी साठीला आलो तरी असले काही लिहिले नाही, आणि ही पोर सव्वीसची. पण डोक्याने पक्की आहे, छातीठोक सांगतो. कात्रीबद्दल काही लिहिले असल्यास ते खोटे आहे.

साक्षीदार दुसरा, दातांचा डॉक्टर, गाडीचा मालक: सही माझ्यासमोर झाली. तिच्या शेजारी, चालकाच्या सीटवर बसून सगळे वाचले, सहावे कलम दोनदा. लिहिणारीची बुद्धी शाबूत आहे, माझी थोडा वेळ नव्हती. उद्याची फेरी होणार नाही. दोरा यायला महिना लागला तरी लागू दे. माझी मुलगी तोवर बसने जाईल. दुसऱ्या कागदावर सही झालेली नाही, तो मी घडी करून खिशात ठेवला आहे. वाकडी सुरी तिच्या हातात आहे. दाराकडची शिवण दार उघडल्याशिवाय उसवता येत नाही, असे ती म्हणते. दारापाशी तिचा दादा उभा आहे. मी विचारले, मी आधी उतरू का? ती म्हणाली, "नको. ज्याने शिवली त्याने आधी." ती दार उघडते आहे.