कॅमेऱ्याचा हिरवा दिवा

१२ जून २००६
धारहून सकाळच्या बसने देवासला आले. खोली मनासारखी मिळाली, खिडकीतून टेकडी दिसते. घरमालकीण इंदिराबाई एकट्याच असतात. मुलगा पुण्याला, म्हणून मधल्या खोलीत कॅमेऱ्यासकट कंप्युटर. तो सारखा बंद पडतो अशी त्यांची तक्रार. बघते तर सीपीयूला क्रोशाचं जाड कव्हर, हवा जायला जागाच नाही. कव्हर काढलं, आतली धूळ झटकली, चालू झाला. त्यावर वाटीभर शिकरण मिळालं. उद्यापासून भगवंत भियांच्या (इथे दादाला भिया म्हणतात) दुकानात नोकरी. घरोघरी जाऊन कंप्युटर दुरुस्त करायचे. डिप्लोमा कामी आला म्हणून बाबा खूश आहेत.

१७ जून
भिया पन्नाशीचे असावेत. हळू बोलतात, रागवत नाहीत. त्यांचा नियम एकच: काम कुठलंही असो, शेवटी दुकानाची सीडी घालायची. अँटिव्हायरस वगैरे सगळं त्यांनी स्वतः त्यात भरलंय. इंदिराबाईंच्या मशीनवरही चालवली. लोकांना मी माझ्याकडून चार गोष्टी सांगते. पासवर्ड मुलांच्या नावाचा ठेवू नका, अनोळखी मेलमधली फाइल उघडू नका, काम झालं की नेट बंद करा. ही शेवटची गोष्ट सांगू नकोस, असं भिया म्हणाले. ब्रॉडबँड घेतलंय तर राहू दे की चालू, कशाला लोकांना घाबरवतेस.

२९ जून
भियांनी सहज विचारलं, इंदिराबाईंचा गुडघा कसा आहे, खाट आता मधल्या खोलीत आणली ना. हो म्हटलं. स्कूटीवर बसल्यावर लक्षात आलं, खाटेचं मी दुकानात बोललेच नव्हते. बोलले असेन. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

४ जुलै
जगदेवरावांकडे काम होतं. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी राजनंदिनी कॉलेजात आहे. तिने खोलीचं दार लोटलं आणि म्हणाली, "ताई, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा अपने आप लागतो." मग मेल दाखवली. मजकूर काही नाही. फक्त तिचाच फोटो, केस पुसताना, याच खोलीतला. पप्पांना सांगितलं तर कंप्युटर जाईल आणि कॉलेजही, म्हणाली. मी सगळं पुसून नव्याने भरलं, शेवटी आमची सीडी चालवली. आता काही राहिलं नाही, घाबरू नकोस, असं सांगितलं. तिने माझा हात कितीतरी वेळ धरून ठेवला होता.

६ जुलै
तिचा फोन आला. नवा फोटो आलाय. त्यात ती आहे आणि मीही. तिने माझा हात धरलाय.
म्हणजे पुसल्यानंतरचा.
विंडोज मी कोऱ्या सीलबंद पाकिटातून भरलं होतं. त्यानंतर त्या मशीनमध्ये एकच वस्तू गेली.

७ जुलै
बरं नाही सांगून घरी राहिले. इंदिराबाईंच्या कंप्युटरसमोर कोणी नव्हतं तरी मॉडेमचा दिवा फडफडत होता. एक अनोळखी प्रोग्रॅम चालू होता. बंद केला. पुन्हा उभा राहिला. सीडी उघडून पाहिली. तीच फाइल, अँटिव्हायरसच्या पोटात.
मी घातली. मीच, प्रत्येक घरात. किती घरं ते आठवायला बसले आणि उठले.
यातून कोणीतरी बघतंय म्हटल्यावर इंदिराबाईंनी स्वतःची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. त्यांच्या खाटेवर बसून त्यांना सगळं सांगितलं. उद्या जगदेवरावांना सांगायचं, मग पोलीस ठाण्यात जायचं. इंदिराबाई म्हणाल्या, मीही येते गं, एकटी जाऊ नकोस.

८ जुलै, सकाळ
भियांचा फोन. आवाज नेहमीसारखाच. ठाण्यात जरूर जा म्हणाले. फक्त लोकांनी दार तुला उघडलं होतं, मला नाही. ते कोणाचं नाव सांगतील. आणि इंदिराबाईंना कशाला दगदग, गुडघा दुखतोय त्यांचा.
टिकली डोळ्यावर लावली. कान उघडेच राहिले. माईक—
आत्ता कंप्युटरच्या सगळ्या वायरी उपटल्या.

दुपार
जगदेवरावांना फोनवर सांगितलं. म्हणाले, पोरीला घेऊन येतो. थोड्या वेळाने त्यांचाच फोन. ती घरी नाही. आत्याला सांगून गेली की रुचाताईंची मेल आली, त्यांनी बोलावलंय, प्रोग्रॅम कायमचा काढून देणार आहेत.
मी मेल केलेली नाही. पण माझा पासवर्ड मी याच कंप्युटरवर— रोज—
जगदेवराव तडक दुकानाकडे गेलेत. मला फोनजवळ थांबायला सांगितलंय. इंदिराबाई शेजारच्या फोनवरून ठाण्यात कळवताहेत. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.
तिचा मोबाइल वाजतो. उचलत नाही.

जगदेवरावांचा फोन. दुकानाला कुलूप. भियांचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. कोणालाच.
पुन्हा लावते. वाजतोय—

उचलला. तीच आहे. रडत नाहीये. विचारते, ताई, दार बाहेरून का लावलंत. मी म्हटलं, मी नाही. ती म्हणते इथे अंधार आहे, खूप स्क्रीन आहेत, त्यांत लोकांची घरं दिसतायत, कोणी भाजी चिरतंय, कोणी— मी विचारलं कुठे आहेस. दुकानात नाही. माझ्या नावाने आलेल्या मेलमधल्या पत्त्यावर. मेलचा कागद आहे तिच्याकडे, स्क्रीनच्या उजेडात वाचतेय. मी उतरवून घेतेय—
जुन्या पाण्याच्या टाकीमागची गल्ली, डावीकडून
हळू बोलतेय, बाहेरून कोणीतरी कुलूप काढतंय
डावीकडून तिसरं, खाली गिरणी, वरच्या