पाव फेरा मागे

बीड,
२२ सप्टेंबर १९८६

तीर्थरूप दादास,
धाकट्या वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कार्ड मिळाले. मी खुशाल आहे असे लिहायची रीत, म्हणून लिहिते. खरे म्हणजे रोज भीत भीत कामावर जाते. हे गेल्यावर वाहतूक सोसायटीने मला ह्यांच्या जागी घेतले, ते झाडलोट करायला. पण ऊसतोडीच्या ट्रका दसऱ्यापर्यंत दुरुस्त व्हायला हव्यात आणि दोन फिटर काम सोडून पुण्याला गेले. म्हणून वर्कशॉपच्या शफीभाई उस्तादांनी मला आटे पाडायला बसवले आहे.

आटे म्हणजे भोकाच्या आतली वळणे. त्यांत बोल्ट फिरत जाऊन घट्ट बसतो. टॅप म्हणून एक धारदार पोलादी दांडी असते, तिला हँडल लावून ती भोकात फिरवायची. अर्धा फेरा पुढे, की पाव फेरा मागे. मागे घेतले की आतला कीस तुटून पडतो. नाही घेतले तर तो दाटतो आणि आटे फाटतात. शफीभाई म्हणाले की बाई, लोखंडासंगं घाई न्हाई करायची, ते रुसलं की लई महाग पडतंय.

पुढे फिरवायला हात चांगला चालतो, जात्याची सवय आहे. मागे मात्र तो जातच नाही. आई काय सांगायची ते आठवते ना? जाते उलटे फिरवले की घरातले माणूस जाते. दादा, तुला कधी बोलले नाही, पण ह्यांना ताप होता तेव्हा जात्यात खडा अडकला म्हणून मी ते मागे फिरवले होते. आठव्या दिवशी हे गेले. आता हँडल मागे न्यायची वेळ आली की तळहाताला घाम सुटतो. शफीभाई समोर असले की पुढचा फेरा मी घेते, मागचा तेच घेतात. त्यांना वाटते, माझ्या मनगटात जोर नाही.

आईला यातले काही वाचून दाखवू नकोस. वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वत्सला


धर्मापुरी,
४ ऑक्टोबर १९८६

चि. वत्सलास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझ्या नावामागे गं. भा. लिहा असे पोस्टमास्तर म्हणाले. माझा हात धजला नाही, तसेच टाकले आहे.

माझ्या सायकलची घंटी खोलून तीन दिवस डब्यात लपवणारी तू, आता ट्रका दुरुस्त करतेस! भामा म्हणते की वन्संना सांगा, आमचा स्टोव्ह बी लई दिवसांचा रुसलाय, त्यालाबी आटे पाडा.

इकडे विहिरीचा तळ उघडा पडला आहे. टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि हंड्यांवरून भांडणे होतात. ज्वारी हातभरही वाढली नाही. म्हणून औंदा आम्ही टोळीबरोबर ऊस तोडायला कोल्हापूरकडे जायचे ठरवले. आईसुद्धा येते. मागे एकटी काय करू, फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर नातवंडं सांभाळीन म्हणते. गाडी तुमच्याच सोसायटीची आहे, बंकट ड्रायव्हरची, टपावर मोर काढलेली. ती पंधराला गावात येईल आणि सोळाला सकाळी आम्ही निघू. तुझ्या हातचा एखादा बोल्ट दिसला तर पोरांना दाखवीन.

जात्याचे वाचले आणि मलाही भीती वाटली; आईला ते वाचून दाखवले नाही. पण तू कामात लक्ष घाल. लोभ काय, तो तुझाच आहे.

तुझा,
धर्मराज


बीड,
१५ ऑक्टोबर, सकाळ

दादा,

नमस्कार समजून घे. मोराच्या गाडीत कुणीही बसू नका.

हे पत्र रामहरी कंडक्टरच्या हातात देते आहे. तो आपल्या गावचाच, संध्याकाळपर्यंत तुला गाठेल.

परवा माझ्याकडे एका चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसते तो मधला लोखंडी भाग, आला. टेबलावर येतो तेव्हा तो कोणत्या गाडीचा ते मला कळत नाही. आठ भोके होती. पाच शफीभाईंसमोर झाली. मग त्यांना ट्रॅक्टरकडे बोलावले आणि उरलेली तीन मी एकटीने केली. एकदाही मागे फिरवले नाही. भोके आरपार होती, म्हणून टॅपही पुढेच रेटत खालून बाहेर काढला. आत करकर वाजत होते, ते मला ऐकू येत होते. शफीभाईंनी परत येऊन बोल्ट लावून पाहिले, तर गच्च लागले. कीस दाटला होता म्हणून ते गच्च लागले, दादा, आट्यांनी पकडले म्हणून नव्हे. ते म्हणाले की शाब्बास, नवऱ्याचं, त्रिंबकचं नाव राखलं. करकरीचे मी त्यांना सांगितले नाही.

काल संध्याकाळी तोच हब मोराच्या गाडीला, पुढच्या डाव्या बाजूला, चढवताना पाहिला. तसाच चढू दिला. काम जाईल, ह्यांच्या नावाला बोल लागेल, एवढेच डोक्यात होते. पहाटे गाडी गेली. घाटात चाक निखळले तर, आणि आई पुढे बसलेली असेल तर, याच्यापुढे मला विचार करवत नाही.

आता शफीभाईंकडे जाऊन सगळे सांगते. तू मात्र गाडी हलू देऊ नकोस.

वत्सला


धर्मापुरी,
१६ ऑक्टोबर १९८६

चि. वत्सलास आशीर्वाद.

हे पत्र शफीभाईंबरोबर पाठवतो.

रामहरी आला तेव्हा निम्मे सामान गाडीत चढले होते आणि आई आतापासूनच जागा धरून पुढे बसली होती. मी पत्र दाखवले. मुकादम भडकला, उशीर झाला तर उसाचा फड दुसऱ्या टोळीला जाईल म्हणाला. कुणी म्हणाले की बाईमाणसाला असल्या कामाला लावलंच कावून. मी चाकापुढे जाऊन बसलो. शेवटी बंकट चाक खोलायला बसला. तुझ्या तीनपैकी पहिल्या बोल्टला पाना लावून जरासा ओढला, तर तो आट्यांच्या भुग्यासकट हातात आला. मग मुकादमानेच सामान उतरवायला सांगितले.

आज दुपारच्या गाडीने शफीभाई आले. मला वाटले, तुझ्या नावाने शिव्या देतील. ते हबाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले की गलती माझी बी हाय, मागचा फेरा मीच घेत गेलो, तिला घेऊच दिला न्हाई. हब खोलून गोणपाटात बांधला आहे. म्हणतात की आता हे तिनंच करायचं. टोळीत कुरकुर झाली. तेव्हा भामा सगळ्यांसमोर बोलली की जिनं आपली चूक सांगितली तिच्याच हातचं मला पायजे, न्हाईतर मी चढत न्हाई.

आईला सगळे वाचून दाखवावे लागले. मग ती म्हणाली की उलट्या जात्याचं ते मी खोटंच सांगितलं होतं. तेव्हा आपण दोघे लहान, तू चार वर्षांची आणि मी सात. आपण खेळताना जाते उलटे फिरवले आणि वरच्या दगडी पाळूखाली माझे बोट चिरडले. माझ्या त्या बोटाला नख नाही, ते तेव्हापासूनचे. पुन्हा हात लावू नये म्हणून तिने आपल्याला मरणाचा धाक घातला. त्रिंबकरावांना तर तू जात्याला शिवायच्या आधी चार दिवस ताप होता, हेही तिला पक्के आठवते. नंतर उठली, जात्याशी बसली आणि सगळ्यांदेखत सात वेळा ते उलटे फिरवले. म्हणाली की कळव तिला, मी धडधाकट बसलेय.

खरे सांगू? तिचा हात मागे गेला तेव्हा मीही डोळे मिटले होते.

गाडी दगडांवर उभी आहे. आम्ही वाट पाहतो.

तुझा,
धर्मराज


बीड,
१७ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप दादास आणि आईस,
वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

हब घेऊन शफीभाई येतील, त्यांच्याबरोबरच हे पत्र येईल. तिन्ही भोके मोठ्या मापाने पाडून नवे आटे घातले. शफीभाई हात पाठीमागे बांधून समोर उभे होते. एकदाही हँडलला शिवले नाहीत. मी रडू लागले तेव्हा तोंड फिरवून उभे राहिले, पण हात सोडले नाहीत. माझे काम राहते की जाते ते सोमवारी चेअरमन सांगणार आहेत.

आई, तू सांगितलेस ते डोक्याला पटले. हाताला अजून पटलेले नाही. भीती गेली असे लिहिले तर तेही खोटेच होईल. तरी हात मागे नेला. कीस तुटतो तेव्हा आत बारीक कट्कन वाजते, ते आता मला ओळखू येते.

दादा, बोल्ट आवळताना पाना तू स्वतः धर. शफीभाईंना पुन्हा पुन्हा विचार, ते रागावणार नाहीत. मग आईला बसव.

दर वेळी मागे फिरवताना मी एकेकाचे नाव घेत होते. तुझे, वहिनीचे, आईचे, दोन्ही पोरांचे. पाच नावे संपली आणि फेरे उरले, तेव्हा ह्यांचे घेतले. पोचल्याबरोबर एक कार्ड टाक. बाकी मजकूर नको. फक्त पाचही नावे लिही, म्हणजे मला कळेल.

तुम्हा सर्वांची,
वत्सला